दादाच्या पाठीवरची कॉमेंट्री

माझा मोठा भाऊ कबड्डीची कॉमेंट्री करायचा. आमच्या पिंगळीपासून चुडाव्यापर्यंत कुठंही मैदान आखलं की त्याला बोलावणं यायचं. "जयभीम, रामराम, सलाम" असं एका दमात म्हणून तो सुरुवात करी, आणि भोंग्याखालची माणसं सावरून बसत.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला त्याची नजर गेली. डोळ्याची नस वाळली, असं परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं. उजेड आणि हलत्या सावल्या एवढंच उरलं. कापसाच्या जिनिंगमधलं काम सुटलं. माईक तेवढा राहिला, कारण आम्ही हे बाहेर कळू दिलं नाही. खेळ न दिसणाऱ्याला कॉमेंट्रीला कोण बोलावणार?

यावर मी एक पद्धत बसवली. सामन्याआधी दोन्ही संघांची नावं क्रमानं त्याच्याकडून पाठ करून घ्यायची. सामना सुरू झाला की पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या मागं बसायचं. चढाईला जाईल त्या गड्याचा क्रमांक बोटानं पाठीवर वाजवायचा. पंजा टेकला म्हणजे गडी बाद, मूठ दाबली म्हणजे पकड. सगळे गडी मला चालीवरून ओळखू यायचे. बाकीचं दादा आपल्या जिभेनं उभं करी. लोक म्हणत, "काय नजर हाय गड्याची!" तो हसायचा. मला पाठीतून त्याचं हसणं कळायचं.

मग माझं लग्न ठरलं, चुडाव्याला. भांडी, अक्षता, मांडव, सगळ्याचं मी पाहिलं. आणि चुलतभावाला दादाच्या मागं बसवून पद्धत शिकवली. त्याला छान जमली. पण दिवाळी झाली आणि तो बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला. कबड्डीचा हंगामही तोच. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात ताडकळसला सामने होते. सासूबाई आणि मालकांबरोबर मी गेले, बायकांच्या बाजूला बसले. भोंग्यातून दादाचा आवाज आला. मान उंचावून पाहिलं तर तो एकटा होता.

थोडा वेळ गर्दीच्या ओरड्यावर त्यानं निभावलं. मग एका बाद झालेल्या गड्याचं नाव घेऊन तो त्याच्या चढाईचं वर्णन करू लागला. गडी रेषेबाहेर बसला होता.

"अय भोंगेवाले! त्यो तिकडं बिडी वढायलाय अन् तुमी त्येला चढाईला धाडलं व्हय?" गर्दीतून एकजण ओरडला.

सगळं मैदान हसलं. दादाही हसला, पण त्याचं तोंड भलत्याच बाजूला होतं.

मी मालकांकडं पाहिलं. त्यांना मी सगळं सांगितलेलं होतं. ते म्हणाले, "जा."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, गड्यामाणसांत कुठं चाललीस?" तोवर मी उठले होते.

मागं बसून पाठीवर हात ठेवला. दादाचे खांदे एकदम सैल पडले. त्यानं हातानं माईक झाकला.

"आलीस व्हय बाई? सांग, कोन निघालंय?"

मी मैदानात पाहिलं. एक उंच पोरगा रेषा ओलांडत होता. मागं सगळी नवी पोरं. वर्षभर मी चूल, गोठा आणि शेत सोडून काही पाहिलं नव्हतं.

"मला ठाऊक न्हाई, दादा."

"बघ की नीट."

"एकबी ओळखू येईना."

त्यानं माईकवरचा हात काढला नाही. भोंगा गप्प झाला तशी माणसं वळून पाहू लागली. शेजारी शाळेचे मास्तर गुण लिहीत बसले होते. दादानं चाचपत माईक त्यांच्यापुढं सरकवला आणि म्हणाला, "मास्तर, तुमी करा. मला दिसत न्हाई."

माईक चालूच होता. ते सगळ्या मैदानानं ऐकलं.

तो उठला आणि हात पुढं करून उभा राहिला. मी तो धरला. बिडीवरून ओरडलेला माणूस वाटेतच बसला होता. त्यानं पाय आखडून घेतले आणि मान खाली घातली. माझ्या मनात त्याच्याविषयी राग नव्हता. राग धरायला कुणीच नव्हतं, आणि त्याचाच जास्त त्रास होत होता.

एस.टी. स्टँडवर पिंगळीकडची गाडी यायची होती. मैदानातला भोंगा तिथवर ऐकू येत होता. दादा त्याच्याकडं कान लावून उभा राहिला.

"मास्तर लय हळू बोलायलाय," तो म्हणाला. "तवर गडी परत येतोय की."

"व्हय, दादा," मी म्हटलं.