वाढली म्हणायचं

दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या बाई सरकून बसायला गेल्या आणि त्यांचा हात लोखंडी दांड्यावर आपटला. हिरवी काच फरशीवर सांडली.

"वाढली हो बांगडी," त्या कसनुसं हसत म्हणाल्या.

फुटली म्हणायचं नाही, हे आईनं मलाही दटावून शिकवलेलं. बांगडी वाढते, मंगळसूत्र वाढतं, नारळसुद्धा आपण वाढवतो. मोडण्याचं नाव घ्यायचं नाही, की झालं!

उठून पळावंसं वाटत होतं. पण पलीकडे हे खोकत बसले होते. ह्यांच्या फुप्फुसाच्या तुकड्याचा रिपोर्ट आज मिळायचा होता. नाव पुकारेपर्यंत बाक सुटणार नव्हता.

तुकडा काढला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. साध्या पेशीतल्या गुणसूत्रांची टोकं दर विभाजनाला जराशी झिजतात आणि पेशी कधीतरी विभागायची थांबते. कॅन्सरमध्ये टेलोमरेज नावाचं एन्झाइम ती टोकं पुन्हा भरून काढतं, मग पेशी थांबतच नाही. त्याचं जनुक किती जागं आहे, तेही त्या बघणार होत्या. "हे अजून अभ्यासापुरतं हं. निदान त्यावर करत नाही आम्ही."

म्हणजे झिजणं हेच धडधाकटपणाचं लक्षण! आणि मी जन्मभर ह्यांच्या झिजल्या चपलांवरून कटकट केली.

नाव पुकारलं. आत गेलो. डॉक्टरीणबाईंनी आधी ह्यांना बसवलं.

"कॅन्सर आहे, काका. आणि ते टेलोमरेजही बरंच वाढलंय."

मी सवयीनं त्या शब्दाच्या आड लपायला गेले. पण तिथे वाढलं म्हणजे खरंच वाढलं होतं.