नव्याण्णव टक्के

नवऱ्याची, यतीनची, बस चुकू नये म्हणून रत्नाने आधी त्याचा डबा भरला, त्याला वाटेला लावलं आणि मग स्वतःपुरते पोहे भिजवले. अमेरिकेतल्या रेडमंडचा बारीक पाऊस लागून राहिला होता. तेलात मोहरी तडतडली तेवढ्यात दार वाजलं.

दारात वरच्या मजल्यावरचा अरुण. हातात कपडे धुवायला न्यायची टोपली, तिच्यात टॉवेलवर ठेवलेला उघडा लॅपटॉप आणि त्याला वायरने जोडलेली डिस्क. तान्हं मूल दवाखान्यात आणावं तसा आला होता.

लॅपटॉप मरणपंथाला लागलेला; त्यातून दुसऱ्यांदा काही उतरवता येईल याची खात्री नव्हती. त्यातले तीन हजार फोटो आणि वडिलांचा तासाभराचा व्हिडिओ तो डिस्कवर उतरवत होता. वडील गेल्याच महिन्यात वारले होते. व्हिडिओची दुसरी प्रत नव्हती. आणि किती काम झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी अर्धा तास नव्याण्णव टक्क्यांवर बसली होती.

"हँग झालंय बहुतेक. वायर काढून परत लावू का?"

रत्नाने पट्टी ओळखली. दोघं एका सॉफ्टवेअर कंपनीत एकाच टीमवर असताना तिनेच लिहिली होती ती. तिची पट्टी डेटा किती सरकला ते मोजायची. अरुण लीड, डेमोच्या आदल्या दिवशी त्याने ती फायली मोजणारी केली, कारण तशी ती झरझर पळायची. चिमुकला फोटो एक आणि अवाढव्य व्हिडिओही एकच! पुढे लोकांची पट्टी शेवटाला अडली, त्यांनी वायरी उपटल्या, फायली गेल्या. मीटिंगमध्ये अरुणने शांतपणे सांगितलं, पट्टी रत्नाची. दोन हजार दोनच्या नोकरकपातीत पहिलं नाव तिचं आलं. कामाचा व्हिसा गेला. गेली दोन वर्षं ती यतीनच्या व्हिसावर घरात होती. त्यावर नोकरी करायची सोय नव्हती.

डिस्कचा दिवा लुकलुकत होता. काम चालू होतं. नुसतं 'काढ' म्हटलं, की फिटंफाट. भांडी घासताना तिने याहून वाईट मनात आणलेलं होतं.

"हात लावू नकोस," ती म्हणाली, आणि स्वतःवरच चिडली.

मग तिने पोहे परतले, वर खोबरं भुरभुरलं आणि बशी घेऊन त्याच्यासमोर बसून एकटीने खायला घेतले. त्याला घे म्हणाली नाही. आईने हे पाहिलं असतं तर तिला घराबाहेर काढलं असतं.

"किती वेळ लागेल गं? काहीतरी बोल यार."

तिने मिनिटाच्या अंतराने दोनदा डिस्कवरची मोकळी जागा पाहिली आणि मनातल्या मनात भागाकार केला. अठरा मिनिटं. उत्तर तिने घासाबरोबर गिळलं.

"आपले कस्टमर असेच बसायचे, अरुण. पट्टीकडे बघत."

त्याची मान खाली गेली.

रत्नाने बशी बाजूला ठेवली आणि आपला कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला.

"वेळ सांगते. आधी जुन्या टीमला एक मेल टाक. 'पट्टी रत्नाने नाही, मी बदलली होती.' एवढंच लिही."