दाव्यांचं प्रमाण

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोरच्या बाजारात भाजी घेत होतो. पहिला विचार काय आला सांगू? सुटला बिचारा... महिना झाला, अजून तेच वाटतं आणि माझा मलाच राग येतो.

मधू माझा शाळेपासूनचा मित्र, विमा एजंट. पण नुसता पॉलिस्या खपवणारा नव्हे, कंपन्यांचे ताळेबंद पेन्सिल घेऊन वाचायचा. "हे बघ, शंभर रुपये हप्ता आला, त्यातले दाव्यांपोटी किती गेले? हा आकडा जितका खाली, तितकी कंपनी मोलाची. म्हणून तर बाजार या आरोग्य विमा कंपनीला पुस्तकी किमतीच्या, म्हणजे हिशेबातल्या मालमत्तेच्या, चौपट भाव देतो!" त्याने तिचे शेअर घेतले, मलाही घ्यायला लावले. आणि तीच कंपनी भक्कम म्हणून गावोगाव तिचाच आरोग्य विमा विकला. अरे शहाण्या, दावे कमी दिले तर शेअरवाल्याची चंगळ, आजारी माणसाचं काय? त्याला सुचलं नाही. मलाही नाही, खोटं कशाला बोलू!

हिर्डोशीला एसटी मोजक्याच. परतीची गाडी चुकू नये म्हणून मधू स्वतःच भराभर अर्ज भरायचा, ‘पूर्वीचे आजार’ या रकान्यात सरसकट ‘नाही’ लिहायचा आणि सह्या घ्यायचा. तिथल्या धोंडिबांचा पाय साखरेपायी कापावा लागला. कंपनीने दावा फेटाळला. कारण काय, तर आजार लपवला! मधू त्यांच्या घरी गेला, मी सोबत होतो. धोंडिबांच्या बायकोने आधी पाणी दिलं, मग म्हणाली, "दादा, साखरेची गोळी चालू हाय म्हून ह्यांनी सांगितलं व्हतं की तुमास्नी. तुमीच म्हनला, लिवायची गरज न्हाई."

पुढे दोन वर्षं त्या एका दाव्यासाठी मधूने कंपनीच्या पुण्याच्या कचेरीत खेटे घातले, चूक माझी आहे असं लिहूनही दिलं. कंपनीने त्याची एजन्सी काढून घेतली आणि दावा फेटाळलेलाच ठेवला. "तो आकडा खाली आणायला मीच हातभार लावला रे," म्हणायचा... मी आपला "जाऊ दे" म्हणायचो. दुसरं काय येतं आपल्याला!

परवा त्याच्या खोलीत बसलो होतो. त्याचा मोबाईल वहिनींनी अजून चालू ठेवलाय. तो वाजला, वहिनींनी माझ्या हातात दिला. त्याच कंपनीचे तिमाही निकाल लागल्याचा मेसेज होता. मी मोठ्याने वाचलं: दाव्यांचं प्रमाण आणखी उतरलं, शेअर चढला.

"चांगलंय ना, भावोजी?" वहिनींनी विचारलं.

मी हो म्हणालो. माझे शेअर मी अजून विकलेले नाहीत.