पाटी आकसते तेव्हा

दुकानांच्या पाट्या करणाऱ्या वहिनींनी फाइल छपाईला लावली, की अख्खं चित्र आकसून कोपऱ्यात जायचं. त्यांनी सॉफ्टवेअर दोनदा काढून पुन्हा टाकलं, मग कंपनीच्या माणसाला फोनवर फैलावर घेतलं.

"ताई, रंग बंद करून नुसत्या रेषा बघा," तो म्हणाला.

पानाबाहेर, पार खाली, अक्षरं निघाली : 'जेवलीस का?' तीही छापण्यात मावावीत म्हणून चित्र आकसत होतं. महिन्यापूर्वी वारलेला नवरा चित्र काढून झालं की त्यांच्यासाठी असे निरोप लाल रंगात ठेवायचा. हे चित्रही त्याचंच; घाईत हा निरोप पांढराच राहिला, म्हणून पांढऱ्या पडद्यावर दिसला नव्हता.

"सापडला का बिघाड?" फोनवरच्या माणसाने विचारलं.

"सापडला."

वहिनींनी फोन ठेवला आणि त्या प्रश्नाखाली पांढऱ्याच अक्षरांत 'हो' लिहिलं. सकाळपासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.