गेम-गजालीचा रिकामा हंगाम

"मॅडम, होड्यो वर काढून पंधरा दिस झाले, पण साइटीर कोणच येवक नाय."

महेश माझ्या सावंतवाडीच्या ऑफिसात शिरता शिरता, छत्री मिटायच्या आधीच हे बोलला. एरवी तो माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलतो. ऑफिस आहे, मी मॅडम आहे, म्हणून. त्याची मालवणी सुटली की प्रकरण गंभीर आहे असं समजायचं.

"आधी बस. सर्व्हर डाऊन आहे का?"

"सर्व्हर चालू आसा. म्हणानच भियालंय."

माझं काम वेब होस्टिंगचं. तुमची वेबसाइट ज्या कॉम्प्युटरवर राहते, तो कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, मी सांभाळते. माझ्याकडे शाळा आहेत, पतपेढ्या आहेत, किनाऱ्यावरची होमस्टे आहेत. साइट उघडत नाही म्हणून सगळे माझ्या नावाने बोंब मारतात. साइट उघडते पण माणसं येत नाहीत, ही तक्रार घेऊन माझ्याकडे कोणी येत नाही. दुसरा कोणी असता तर मी त्याला वाटेला लावला असता. महेशच्या साइटची गोष्ट वेगळी होती.

महेश मालवणात बर्फाच्या फॅक्टरीत ऑपरेटर आहे. पाणी डब्यांत भरलं, कंप्रेसर चालू केला, की बर्फ होईपर्यंत मशीनकडे बघत बसायचं. बोलायला कोणी नाही आणि कंप्रेसरच्या आवाजात बोललेलं ऐकूही येत नाही. तो मोबाईलवर गेम खेळायला लागला आणि मग गेमबद्दल लिहायला लागला. कुठली लेव्हल कशी पार करायची, हे तो खाडीत होडी कशी घालायची ते सांगावं तसं मालवणीत लिहायचा. साइटचं नाव ठेवलं गेम-गजाल. गजाल म्हणजे आमच्याकडे गप्पा.

त्याला पहिला खरा वाचक मिळाला तो बाबी. बाबी तांडेल आहे, म्हणजे बोटीचा कप्तान. वय पन्नाशीच्या पुढे, पण नातवाच्या हातातला मोबाईल हिसकावून खेळणारा. त्याने एके दिवशी साइटवर गेमचं गाऱ्हाणं लिहिलं.

गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीने घातलेलं साकडं. एकजण मोठ्याने मागणं मांडतो आणि जमलेले सगळे प्रत्येक मागण्याला "होय म्हाराजा" म्हणतात. माझं माहेर बांद्याचं. लहानपणापासून मीही देवळात उभी राहून ते म्हणत आले आहे.

बाबीचं गाऱ्हाणं असं होतं: "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां नव्या लेव्हलीत उतारतत. तेंच्या मोबाईलाक रेंज दी. बॅटरी टिकव. आणि ऐन लढाईत बायलेचो फोन इलो, तर तो वायच अडव रे म्हाराजा!"

खाली लोकांनी लिहिलं, होय म्हाराजा. एकाने, मग दहांनी, मग मोजायचं सोडून दिलं.

ते गाऱ्हाणं मोबाईलवरून फिरत फिरत मुंबईतल्या चाकरमान्यांकडे, गोव्यात, आखातात नोकरीला गेलेल्यांकडे गेलं. गेम न खेळणारेही साइटवर यायला लागले. दोघातिघांनी हौसेने विभाग वाटून घेतले. पगार कोणालाच नव्हता, तरी भांडणं मात्र पगारी माणसांसारखी होत. साइट वारंवार आपटू लागली, तेव्हा महेश माझ्याकडे आला. मी ती माझ्या सर्व्हरवर आणली.

मग मला त्या साइटचा हंगाम कळला. जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात. तांडेल, खलाशी घरी. तेव्हा साइटवर जत्रा भरायची. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या की साइट ओस. पुढे गणपती, मग मासळीचा हंगाम. पुन्हा जून आला की सगळे हजर. दरवर्षी असंच. माझ्या स्क्रीनवर येणाऱ्यांचा आलेख बघून मी होड्या कुठे आहेत ते सांगू शकत असे, आणि मला त्याचा थोडा गर्वही होता.

यंदा होड्या वर आल्या होत्या आणि आलेख आडवा पडला होता.

"लोकांका आता बारकेबारके व्हिडिओ व्हये," महेश म्हणाला. "वाचूक कोणाक व्हया? पण मॅडम, सगळेच एका वर्षात कशे जातले? बाबी पण?"

मी log उघडला. log म्हणजे सर्व्हरची डायरी. कोण आलं, कोण गेलं, कोणाला दारातून परत पाठवलं, सगळं त्यात आपोआप लिहिलं जातं. मी मागे मागे जात राहिले. एप्रिल, जानेवारी, दिवाळी. मग गेल्या ऑगस्टातली एक संध्याकाळ आली आणि माझा हात माउसवरच थांबला.

गेल्या ऑगस्टच्या सुरुवातीला साइटवर स्पॅमचा हल्ला झाला होता. स्पॅम म्हणजे फालतू जाहिरातींचा भडिमार. खोटी खाती काढून सट्ट्याच्या आणि वजन उतरवायच्या गोळ्यांच्या जाहिराती शेकड्यांनी टाकत होते. महेशने हात जोडले. मी एक फिल्टर बसवला. नियम सोपा होता: थोड्या वेळात अनेक खात्यांवरून तोच मजकूर आला, तर तो स्पॅम. असं लिहिणाऱ्यांची खाती बंद. ज्या धाग्यावर, म्हणजे चर्चेच्या पानावर, हे चालतं तो धागा सुरू करणारा, तो म्होरक्या, त्याचंही खातं बंद. महेशचं आणि माझं खातं मी नियमातून वगळलं. एक दिवस लक्ष ठेवलं. जाहिराती थांबल्या. महेशने मला आंब्याची साटं पाठवली.

त्यानंतर चार दिवसांनी, होड्या पाण्यात घालायच्या आदल्या संध्याकाळी, बाबीने हंगामाचं गाऱ्हाणं लिहिलं. ते तो दरवर्षी लिहायचा. देवा, दोन महिने खेळलो, आता दर्यात चाललो, सगळ्यांना सुखरूप परत आण. आणि खाली सगळ्यांनी त्याला दरवर्षीप्रमाणे उत्तर दिलं. सगळ्यांनी एकच, दोन शब्दांचं.

फिल्टरने नेमून दिलेलं काम चोख केलं होतं. अर्ध्या तासात साइटवरची जवळजवळ सगळी नेहमीची माणसं बाहेर, आणि बाबी म्होरक्या म्हणून सगळ्यात आधी.

खातं बंद झालेल्यांना एक मेसेज जात होता. तो मूळ इंग्रजीत होता. मी तो मुद्दाम शुद्ध मराठीत करून घातला होता, आणि तेव्हा मला तो फार छान जमल्यासारखा वाटला होता: "आपले वर्तन या संकेतस्थळाच्या शिस्तीस बाधक आढळल्याने आपले खाते कायमस्वरूपी बंद करण्यात येत आहे." खाली आपोआप नाव पडत होतं, व्यवस्थापक महेश.

महेशला यातलं काहीच कळलं नाही, कारण होड्या निघायच्या त्या आठवड्यात बर्फ फॅक्टरीत त्याला जेवायला फुरसत नसते. फिल्टरचा रिपोर्ट रोज एका मेलबॉक्समध्ये येत होता. तो उघडायचं काम माझं होतं. मी उघडला नाही. साइट ओस पडलेली दिसली, पण ऑगस्टात ती ओस पडतेच. दुसऱ्या कुठल्या गावची साइट असती तर आठ दिवसांत बोंब झाली असती. आमच्याकडे दहा महिने कोणाला काही वावगं वाटलं नाही.

महेश समोर चहा पीत बसला होता. त्याला log वाचता येत नाही. "लोक हल्ली व्हिडिओच बघतात रे," एवढं म्हटलं असतं तरी तो छत्री उचलून गेला असता. ते अगदीच खोटंही नव्हतं. खोटं कशाला बोलू, चहा संपेपर्यंत मी तो विचार केला. मग स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि सगळं सांगितलं. चूक माझी आहे, तेही सांगितलं.

त्याने खुर्ची स्क्रीनजवळ ओढली.

"बाबीक पण ह्योच मेसेज गेलो? माझ्या नावान?"

"हो."

"पयली माझ्याकडसून बर्फ न्हेय होतो. गेल्या हंगामात एकदा पण इलो नाय. माका वाटला, दुसरीकडचो बर्फ बरो गावता म्हणान गेलो." त्याने कप खाली ठेवला. "चला."

"कुठे?"

"मालवणाक. तुमीच सांगा तेका. माझा तो ऐकूचो नाय."

मी ऑफिसला कुलूप घातलं.

बाबी पडवीत जाळं सांधत बसला होता. "येवा," म्हणाला, पण उठला नाही. हातातली सुई थांबवली नाही.

"बाबी, तुझा खाता मिया बंद करूक नाय," महेश उभ्यानेच म्हणाला.

"नाव तुझा होता खाली."

"ता यंत्रान घातला."

"आणि यंत्र कोणी घातला?"

"मी घातलं," मी म्हटलं. मग त्याला फिल्टर म्हणजे काय, नियम काय होता, ते सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, बस म्हणायला कोणी तयार नव्हतं. बाबीने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे आमी देवाक हाक मारलंव, आणि तुमच्या यंत्राक ती जाहिरात वाटली?"

"हो."

"तुमी खंयच्या, मॅडम?"

"माहेर बांद्याचं."

"बांद्याच्या!" तो म्हणाला आणि हसला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तो महेशकडे वळला. "माका वाटला, तू माका वाळीत टाकलंस."

वाळीत टाकणं हा आमच्याकडे हसण्यावारी न्यायचा शब्द नाही. पूर्वी गावकीने एखाद्या घराशी बोलणंचालणं, आगपाणी सगळं तोडायचं, ते हे. बाबीने तो जुन्या अर्थानेच वापरला होता.

"मगे विचारलंस कित्या नाय?" महेशचा आवाज चढला. "फॅक्टरी खंय आसा ता तुका म्हायत नाय?"

"वाळीत टाकलेलो माणूस दारात जावन विचारता? तू खंय विचारलंस? सबंद हंगाम माझी बोट बर्फाक येवक नाय, तुका दिसला नाय?"

बाबीने सुई जाळ्यात खोवली आणि आत बघून ओरडला, "गो, चाय टाक. तीन."

चहा पिताना मी म्हटलं की मी आज सगळी खाती उघडते, सगळे परत येऊ शकतात. बाबीने मान हलवली. "आता नाय गो बाय. आमचो ग्रुप आसा मोबाईलार. सगळे थंयच आसत." त्याने महेशला दाखवलं. गेलं वर्षभर ते सगळे तिथेच लिहीत होते. महेश वाचता वाचता खो खो हसायला लागला. मग मध्येच गप्प झाला. एवढं सगळं झालं आणि आपण नव्हतो, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. बाबीने मोबाईल परत घेतला, दोनचार बटणं दाबली आणि म्हणाला, "घातलंय तुका. आता रडा नको."

मी खाती उघडली. प्रत्येकाला मेल न करता फोन केला. चार दिवस लागले. काहींनी माफ केलं, काहींनी सुनावलं, एकाने मी बँकेतून बोलतेय असं समजून फोन आपटला. काहीजण साइटवर येऊन "इलंय", म्हणजे आलोय, एवढंच लिहून गेले. पण देऊळ एकदा दुसरीकडे बांधलं की जुन्या जागी माणसं नुसती बघायला येतात. जुलैच्या शेवटी महेशच म्हणाला, आता नवीन लिहिणं बंद करूया. जुनं लिहिलेलं तसंच राहू दे, कोणाला वाचायचं तर वाचेल. गेम-गजाल आज तशीच आहे. नवं काही येत नाही, त्यामुळे सांभाळायला माझ्याकडची सगळ्यात सोपी साइट.

मी माझ्या कामात दोन गोष्टी बदलल्या. रिपोर्टचा मेलबॉक्स दर सोमवारी स्वतः उघडते. आणि यंत्राला कोणाचंही खातं बंद करू देत नाही. त्याने फक्त संशयितांची नावं द्यायची. बंद करण्याआधी त्या माणसाला माणसाने फोन करायचा. पतपेढीवाले विचारतात, मॅडम, एवढा उपद्व्याप कशाला? मी म्हणते, मला एकदा महागात पडलंय.

महेश हल्ली ऑफिसात आला की बाबीच्या ग्रुपवरची गाऱ्हाणी मला वाचून दाखवतो. मला त्या ग्रुपात कोणी घेतलेलं नाही, आणि घ्या म्हणायला माझं तोंड नाही.