रेडिओवालीची एक दिवसाची सुट्टी

पेणमध्ये कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर मी 'लिहिते' एवढंच सांगून सुटका करून घेते. पुढचं सांगायला गेलं की समोरचा माणूस घड्याळ बघायला लागतो. टीव्हीवर अंतराळयानाची एक मालिका होती. ती संपली, पण बघणाऱ्यांचं मन भरलं नाही. मग त्याच यानाच्या, त्याच माणसांच्या नव्या गोष्टी कादंबऱ्यांतून आणि ऑडिओ नाटकांतून काढायच्या, असं मालिकेच्या मालकांनी ठरवलं. मराठीतलं काम माझ्याकडे आलं. शेजारच्या काकूंना हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे गोष्ट दुसऱ्याची, तू नुसती लांबवतेस." मला राग आला, पण खोडून काढता आलं नाही.

या कामाचा एकच मोठा नियम. लग्नाला देवळातली भांडी आणतात ना, तसं समजा. टोपात हवं ते शिजवा, पण परत देताना टोप घासून, पोचा न पाडता, होता तसा द्यायचा. माझ्या गोष्टीत यान भरकटू दे, कप्तान तापाने फणफणू दे, परग्रहावर युद्ध पेटू दे. शेवटच्या पानावर सगळी माणसं मालिकेने सोडली होती तिथे, तशीच उभी हवीत. मरायचं नाही, लग्न करायचं नाही, केससुद्धा कापायचे नाहीत. उद्या मालिका पुन्हा सुरू झाली तर घोळ नको, म्हणून.

माझ्या दोन कादंबऱ्या निघाल्या. त्या कुणी वाचल्या देव जाणे. नाटकं मात्र लोक ऐकतात, कारण ऐकताना हात मोकळे राहतात. माझ्या सगळ्यात पक्क्या श्रोत्या रोह्याला, माझ्या माहेरी: आई आणि वहिनी. मोड आलेले वाल सोलायला बसल्या की मोबाईल स्टीलच्या वाडग्यात उभा करायचा, म्हणजे आवाज मोठा येतो, आणि नाटक लावायचं. बिरड्याचे वाल सोलून होईस्तोवर एक भाग सहज संपतो. आईला विज्ञानाशी देणंघेणं नाही. तिचे प्रश्न वेगळेच. "एवढी मानसं त्या डब्यात, मग आंघोळीला पानी कुठनं येतं?" मी सांगितलं, वापरलेलंच पाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात. त्यानंतरचा भाग तिने नाक मुरडूनच ऐकला.

वहिनीचं तसं नव्हतं. मालिका मुळात माझ्या मोठ्या भावाची आवडती. तो शिफ्टला गेला असला की राहिलेला भाग एकटीने बघायचा नाही, रविवारी दोघांनी मिळून बघायचा, असा त्यांचा करार होता. चार वर्षांपूर्वी त्याला कावीळ झाली आणि पाहता पाहता तो गेला. मूलबाळ नव्हतं. वहिनी माझ्याच वयाची, मला अगंतुगं करणारी. माहेरी न जाता ती आईजवळ राहिली आणि आम्ही सगळ्यांनी तिचं फार कौतुक केलं. कौतुकाला काय लागतं? तिच्या जिवावर आईची काळजी मिटली होती, आणि सगळ्यात जास्त माझी.

आता त्या यानावरची एक बाई सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. ती संदेशयंत्र सांभाळते. तिचा नवरा यानाची दुरुस्ती करायला बाहेर पडला तो परत आलाच नाही. तेव्हापासून ती कानाला हेडफोन लावून यंत्रापाशी बसलेली. प्रत्येक भागाच्या शेवटी ती त्याला एकदा हाक मारते, नुसती खरखर ऐकू येते आणि भाग संपतो. प्रेक्षक या शेवटावर जीव टाकतात. वहिनी तिला रेडिओवाली म्हणायची.

गेल्या वर्षी वहिनीला नागोठण्याचं स्थळ आलं. तिथल्या कंपनीत कामाला असलेला, बायको वारलेला माणूस, एक मुलगी आठवीत. वहिनी त्याला भेटली, बोलली. तिला माणूस आवडला आणि तिने ते लपवलंही नाही. आमच्या घरात कुणीही नाही म्हटलं नाही. आम्ही शिकलेली माणसं. आम्ही फक्त 'बघू' म्हटलं. पावसाळा सरू दे, बघू. गणपती होऊ देत, बघू. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊ दे, मग बघू. मीही त्यात होते. ती सुखी व्हावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि ती रोह्यालाच, आईजवळ राहावी असंही तितकंच वाटत होतं.

दिवाळीनंतर मी रोह्याला गेले असताना वाल सोलता सोलता वहिनी म्हणाली, "त्या रेडिओवालीला एकदा उठव गो तिथनं. पाठ मोडली असंल तिची."

"मालक नको म्हणतील."

"विचारून तर बघ."

विचारलं. मुंबईच्या ऑफिसातल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, बाई खुर्चीतच पाहिजे. पण मी या धंद्यात मुरलेली. मालिकेच्या दोन भागांच्या मधे यान एका तळावर दुरुस्तीला थांबलं होतं, आणि त्या दिवसांत काय झालं ते मालिकेने कुठेच सांगितलं नव्हतं. त्या फटीत मी एक दिवस घुसवला. कप्तान रेडिओवालीला सुट्टी देतो. ती तळावरच्या बाजारात उतरते, कुणाच्या तरी गाडीवर गरम काहीतरी खाते. पाण्याची पिंपं वाहणारा एक माणूस तिला हसवतो. ती खूप हसते, थांबायचं विसरून हसते. तो म्हणतो, उद्या पण या. संध्याकाळी भोंगा होतो, ती यानावर परतते, हेडफोन लावते, हाक मारते. खरखर. समाप्त. साप मरावा आणि काठीही मोडू नये, तसं साधलं होतं. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

नाटक तयार झालं तशी मी दुपारच्या गाडीने रोहा गाठलं. वहिनीचं तोंड मला समोरून बघायचं होतं. बाजाराचा प्रसंग आला तसे तिचे हात थांबले. नटीने ते हसणं फारच सुंदर केलं होतं. वहिनीही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग भोंगा झाला, रेडिओवाली परतली, खरखर सुरू झाली.

"बरं झालं बाई, येळेवर आली," आई म्हणाली.

वहिनीने डोळे पुसले. "परत कशाला आनलीस तिला?"

"नियम आहे ना, वहिनी. होती तशीच ठेवावी लागते."

"तो तुला हाय. मला कुनी घातलाय?"

तिचा आवाज चढला नव्हता. मी काहीतरी बोलायला गेले. बहुतेक 'बघू'च आलं असतं तोंडात. तिने बोलू दिलं नाही. "तीन वरसं बसले गो मी. कुनी बळं नाय बसवली, मलाच बसायचं व्हतं. आता नाय बसायचं. ह्यांचा आवाज नाय यायचा आता. मला म्हाईत हाय."

आईने मोबाईल वाडग्यातून काढून पालथा ठेवला. ती आपल्या गुडघ्यावरून हात फिरवू लागली.

"मला एकटीला भ्या वाटतं," ती म्हणाली. "म्हनून मी बघू बघू करत व्हते. गनपतीचं, गुडघ्याचं निमित्त पुढं केलं, पन भ्या माझं व्हतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नागोठन्याला फोन लाव. रविवारी जेवायला या म्हनावं."

वहिनीने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि दोघी रडल्या. मला दोघींचा अभिमान वाटला. आई बोलली ती भीती माझीही होती, आणि ती बोलायचं धाडस मला झालं नव्हतं. मी फोन लावला.

लग्न नोंदणी पद्धतीने झालं. आता आठवड्यातले निम्मे दिवस मी रोह्याला असते आणि गाडीत बसून लिहिते. रेडिओवाली अजून खुर्चीतच आहे, तिची माझ्या हातून सुटका नाही. नवा भाग आला की मी वहिनीला पाठवते. हो, मी तिला अजून वहिनीच म्हणते. परवा फोनवर विचारलं, ऐकलास का? पलीकडे नागोठण्याची ती मुलगी मोठमोठ्याने शाळेतलं काहीतरी सांगत होती आणि वहिनी मधेच हसत होती.

"नाय गो, राहून गेलं," वहिनी म्हणाली. "किती भाग साठलेत. येळच मिळत नाय."

फोन ठेवून मी आईला सांगितलं की वहिनी आता आपली नाटकं ऐकत नाही. सांगताना मला इतका आनंद झाला होता की आई माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.