सहा आठवड्यांची कंबरदुखी

माझी कंबर कधीच दुखली नाही. तरीही मागच्या वर्षी दसऱ्यानंतर सहा आठवडे मी कंबरदुखीच्या रजेवर होतो, आणि कारखान्याच्या फाइलीत आजही तेच लिहिलेलं आहे.

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एक लहानसा सूतकताईचा कारखाना आहे. तिथं मी तेवीस वर्षं मशीनवर आहे. पेळूला, म्हणजे कापसाच्या सैल वातीला, पीळ देऊन बारीक सूत करणाऱ्या लांबलचक मशिनी, त्यांच्या दोन रांगांमधून दिवसभर चालायचं, कुठं धागा तुटला की बोटाच्या एका झटक्यात जोडायचा. आवाज इतका की आम्ही एकमेकांशी हातवारे करून बोलतो. घरी गेल्यावरही पहिला अर्धा तास बायको म्हणते, "अहो, ओरडू नका, मी इथंच आहे."

त्या दिवशी सकाळच्या पाळीत एक धागा तुटला. मला दिसला. जोडायला हात उचलायचा होता, तो उचललाच गेला नाही. मग शेजारचा तुटला, मग आणखी चार. मी नुसता पाहत उभा. काही दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. फक्त असं वाटत होतं की हा धागा जोडला काय आणि नाही जोडला काय. सुपरवायझर आला, त्यानं हातानंच विचारलं, काय झालं? मी उत्तर द्यायला गेलो आणि रडू लागलो. पंचेचाळिशीचा माणूस, सगळ्या खात्यासमोर. त्या आवाजात माझं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही, एवढंच बरं.

खरं तर हे अचानक झालं नव्हतं. वर्षभर पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. जेवणाची चव गेली होती. पोरीनं बारावीत चांगले गुण मिळवले तेव्हा मी पेढा खाल्ला आणि मला काहीच वाटलं नाही, याची मनातून भीती मात्र वाटली.

बायकोनं मला यवतमाळला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी घाई केली नाही. गोळ्या लिहून दिल्या, सहा आठवडे विश्रांती सांगितली आणि विचारलं, "पूर्वी आवडीनं काय करायचात?"

मी म्हणालो, "व्हायोलिन वाजवायचो."

बायको माझ्याकडे बघतच राहिली. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण तिनं ते वाद्य फक्त कपाटावर, चादरीत गुंडाळलेलं पाहिलं होतं. आयटीआयला असताना मी संध्याकाळी एका गुरुजींकडे शिकायला जायचो. सहा वर्षं शिकलो. भजनांना, शाळांच्या कार्यक्रमांना साथीला बोलावणं यायचं. मग नोकरी लागली, पाळ्या सुरू झाल्या, आणि कधी सुटलं ते सांगता येणार नाही.

"मग या सुट्टीत ते काढा," बाई म्हणाल्या. त्यांनी सर्टिफिकेटवर खरं तेच लिहिलं: नैराश्य.

तो कागद घेऊन मी ऑफिसात गेलो. तिथले साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी कागद वाचला, दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हे फाइलीला लावू नका. उद्या म्हणतील, हा माणूस मशीनवर उभा करायच्या लायकीचा नाही. सेफ्टीचा मुद्दा काढतील. दुसरं काहीतरी आणा ना. कंबर, मणका, असं काही."

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी मान वर न करता मणका लिहून दिला. वर विचारलं, "पट्टा लिहू का?" मी म्हणालो, लिहा.

मग तो पट्टा घालणं आलं. आमची वस्ती कारखान्यातल्याच लोकांची. दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला यायला लागली. कुणी मोहाचं तेल आणलं, कुणी पांढरकवड्याच्या एका हाड बसवणाऱ्याचा पत्ता. मी पट्टा आवळून खाटेवर पडून असायचो. एक जण म्हणाला, "उठू नको बाप्पा, पडून राय. कंबरेचं दुखणं लय वाईट." तो गेल्यावर मला वाटलं, ह्या माणसाला खरं सांगितलं असतं तर तो इतक्या मायेनं बोलला असता का? कदाचित बोललाही असता. मी त्याला संधीच दिली नाही.

व्हायोलिन मात्र त्या घरात काढता येईना. मणका सरकलेला माणूस व्हायोलिन वाजवतोय हे भिंतीपलीकडे ऐकू गेलं असतं. आठ दिवस मी पडून छत बघितलं. नवव्या दिवशी पट्टा आणि वाद्य दोन्ही घेऊन महागावकडच्या आमच्या गावी, थोरल्या भावाकडे गेलो.

भावाला मी फोनवर खरं सांगितलं होतं. त्याला ते कितपत समजलं माहीत नाही. कापसाची वेचणी सुरू होती, त्याला बसायला उसंत नव्हती. त्यानं शेतातली विहिरीवरच्या मोटारीची खोली झाडून घेतली, खाट टाकली, पाण्याचा माठ ठेवला.

"इथं राय दिवसभर," तो म्हणाला. "वाजव, नाई त झोप. तुले कोनी काई इचारत नाई." दारातून वळून पुन्हा म्हणाला, "पन मले एक सांग, तुले कोनी काई बोललं काय तिथं?"

"नाही रे दादा."

"मंग असं काहून झालं?"

मी माठातून पेलाभर पाणी काढून घेतलं. तो बायांना वेचायला लावायला निघून गेला.

वाद्य उघडलं. दोन तारा तुटलेल्या होत्या, त्या मी यवतमाळहून नव्या आणल्या होत्या. गजाला राळ लावली. बोटं आखडली होती, पण जागा विसरली नव्हती. पहिल्या दिवशी फक्त जाड तारांवर सा, रे, ग काढले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन तास गेले आणि मला कळलंच नाही. वर्षभरात पहिल्यांदा मी वेळ विसरलो होतो. त्या संध्याकाळी वहिनीनं केलेल्या आंबाडीच्या भाजीला मला चव लागली. मी दुसऱ्यांदा मागून घेतली. वहिनीनं भावाकडे पाहिलं, भावानं मान खाली घालून जेवण चालू ठेवलं, पण हसला.

ते तीन दिवस माझ्याकडे आहेत. ते झालेच नाहीत असं कुणी म्हणू शकणार नाही.

चौथ्या दिवशी मी बारीक तारेवर आलो. स्वर बेसूर लागत होता. मला वाटलं नवी तार आहे, उतरत असेल. खुंटी पिळली, पुन्हा वाजवलं, पुन्हा बेसूर. दिवसभर त्या एका तारेशी झगडलो. जाड तारांशी ती जुळेचना. त्याहून विचित्र म्हणजे मान जरा वळवली की स्वर बदलायचा. आठवडाभर असंच चाललं. मी तारांखालची घोडी सरकवून पाहिली, तार बदलली. आपला हातच गेला, असं ठरवून बसलो.

रविवारी बायको आणि दिवाळीच्या सुट्टीला आलेली पोरगी एसटीनं आल्या. पोरीला मी म्हणालो, "ही तार लागत नाहीये बघ."

तिनं मोबाइलवर स्वर मोजायचं काहीतरी उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. "वाजवा बाबा."

मी वाजवलं. पडद्यावर लाल आलं.

"थोडी उतरवा. अजून. अजून. थांबा." पडद्यावर हिरवं आलं. "आता बरोबर आहे बाबा."

मी पुन्हा गज ओढला. माझ्या कानाला ते भयंकर होतं.

"नीट बघ. मशीन चुकत असेल."

"चुकत नाही. मलाही बरोबरच ऐकू येतंय." ती बोलून गेली, आणि मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "मला कुठं एवढं समजतं बाबा."

बायकोनं माझा उजवा कान बोटानं बंद केला. "आता वाजवा." मग डावा बंद केला. "आता." एकाच तारेचा एकच स्वर, दोन कानांत दोन वेगळे. गेलं वर्षभर मी तिला दोन-दोनदा "काय म्हणालीस?" असं विचारायचो, ते तिच्या ध्यानात होतं. तिला त्याबद्दल काय वाटतं, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात यवतमाळला कानाची तपासणी झाली. काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला मी दाबत होतो. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं बाहेर तपासणीला बसलेल्या बाई कागद भरत असतील, म्हणून मी वाट पाहत बसलो. थोड्या वेळानं त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "झालं, या बाहेर."

"अजून सुरूच कुठं झालं?"

"पूर्ण झालं काका."

डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. थोडी सरळ जाऊन ती खाली पडत गेली होती, डाव्या कानाची जास्त. "गोंगाटात काम आहे का?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "गेलेलं परत येत नाही. आहे ते सांभाळायचं. शक्य असेल तर जागा बदला."

कारखान्यात कानांत घालायचे बोळे मिळतात. मिळत नाहीत असं मी म्हणणार नाही. आम्हीच घालत नव्हतो. घाम येतो, खाज सुटते, आणि बेअरिंग बिघडायला लागलं की त्याचा वेगळा आवाज ऐकू यावा लागतो. मला तो सगळ्यांच्या आधी ऐकू यायचा. त्याचा मला अभिमान होता.

डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी तपासणीचा कागद मागून घेऊन वाचला. मग म्हणाल्या, "दुसरं काही शोधू आपण. बागकाम, चालणं." त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं. मी हो म्हणालो. सकाळी चालायला जातो. चालतो आणि परत येतो.

व्हायोलिनच्या तारा सैल करून ठेवल्या आहेत, ताणलेल्या राहिल्या तर लाकूड वाकतं. पोरीनं एकदा विचारलं, मी शिकू का? मी म्हणालो, शीक. सुट्टी संपून ती पुण्याला कॉलेजात परत गेली, आता फोनवर तो विषय निघत नाही.

सहा आठवडे संपले आणि मी कामावर गेलो. जागा बदलून मागायची तर कान दाखवावे लागले असते, आणि मग हा माणूस मशीनवर कशाला, हा प्रश्न पुन्हा आलाच असता. मी काही बोललो नाही. बोळे घालतो. धागा तुटला की हात उचलला जातो. गोळीनं झोप लागते. पेढ्याची चव मात्र आली नाही.

गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत सूत गुंडाळायच्या खात्यातली एक बाई माझ्या बाकावर येऊन बसली. जवळच्या तांड्यातून येते, माझ्याच वयाची. एरवी आमचं बोलणं नाही. डबा उघडून ती बराच वेळ भाकरीचा तुकडा हातात धरून बसली.

"दादा," ती म्हणाली, "तुमची कंबर नोती दुखत ना?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते, पण मी ते डोळे ओळखले.

"नाही," मी म्हणालो.

"मले बी तसंच होऊन राह्यलं. दोन वर्षं झाले. सुट्टीनं फरक पडते का जी?"

मी तिला डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगितला, कोणत्या वारी बसतात तेही सांगितलं. ती ऐकत होती, पण पत्ता तिनं विचारलाच नव्हता. आपला प्रश्न तसाच धरून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पडते, असं खोटं मला म्हणवेना. नाही पडत, असं म्हणायचा मला काय अधिकार? "झोप लागते," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, डबा बंद केला आणि आत गेली. अजून तरी तिनं सुट्टी टाकलेली नाही.